चौथ्या खुर्चीचा सूर

१

दर शनिवारी दुपारी अडीचला मी चेन्नईत मन्नडीच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडते आणि हातगाड्या चुकवत शेषगिरी सरांच्या वर्गाला जाते. जॉर्ज टाउनच्या त्या गल्लीत सगळी दुकानं कागदाची. खाली सरांच्या भावाचं लग्नपत्रिकांचं घाऊक दुकान आहे. बाजूचा जिना चढताना शाईचा वास येतो. वर एक लांबट खोली, एक खिडकी, एक पंखा, भिंतीशी रचलेले चुकीच्या छपाईच्या पत्रिकांचे गठ्ठे आणि अर्धवर्तुळात मांडलेल्या चार खुर्च्या.

खुर्च्या चारच, कारण आम्ही चौघी. पहिल्या खुर्चीवर त्रिपुरसुंदरी, जिला सगळे त्रिपुरा म्हणतात. दुसरीवर विशालाक्षी. तिसरीवर मी. चौथीवर, खिडकीशी, हरिणी.

सर आम्हाला गिटारवर जॅझ शिकवतात, पण सुरांची नावं आपलीच वापरतात. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर सात सूर लिहिले आणि म्हणाले, "सात सुरांची एक अडचण आहे. ताल चारचा. सात पावलांनी चाललं की घरी पोचायच्या वेळी पाय चुकतो." मग त्यांनी प आणि ध यांच्या मधे एक सूर घातला, कोमल ध. "हा आठवा. याला बीबॉप स्केल म्हणतात. आता पावलं जुळतात. पण लक्षात ठेवा, आठवा नुसता जाता जाता भेटणारा आहे. त्याच्यावर थांबायचं नाही."

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बांधायची त्यांची पद्धत वेगळी आहे. आठ सुरांतला एक घ्यायचा, एक सोडायचा. सा, ग, प, ध. हा पहिला कॉर्ड. मग चारही सुरांनी एक पाऊल वर जायचं: रे, म, आठवा, नी. हा दुसरा. पहिला ऐकताना घरात बसल्यासारखं वाटतं, दुसरा ऐकताना कुणीतरी दार अर्धवट उघडं ठेवल्यासारखं. तिसरा पुन्हा घरातला, चौथा पुन्हा दारातला. असे आठ. बाकीचे शिक्षक हे चारही सूर एकाच मुलीच्या बोटांत कोंबतात. सर म्हणतात, "एक मुलगी, एक तार, एक सूर. आधी कानांना कळू दे, बोटांचं नंतर बघू." म्हणून त्रिपुरा सा पासून निघते, विशालाक्षी ग पासून, मी प पासून आणि हरिणी ध पासून. चौघी मिळून एक कॉर्ड. आठवा सूर प्रत्येकीच्या वाट्याला एकदा येतो. मला दुसऱ्या कॉर्डला. हरिणीला अगदी शेवटी, आठव्या कॉर्डला.

माझं नाव सईबाई. बाबा मूळचे साताऱ्याचे, ओरगडमच्या कारखान्यात नोकरीला. नाव त्यांनी ठेवलं आणि मराठी नीट लिहायलाही त्यांनीच शिकवलं. आई तंजावरच्या मराठी घरातली. चेन्नईच्या शाळेत माझं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "काय?" पुन्हा सांगितलं की पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ नये म्हणून मी पहिल्यांदाच सांगत नाही. हजेरीला नुसता हात वर करते आणि हरिणी ओरडते, "मिस, सई आहे!" सहावीपासून तीच ओरडते आहे. आता आम्ही दहावीत आहोत. मला दुसरी मैत्रीण नाही. ती आहे म्हणून मला कधी गरजही पडली नाही.

ऑगस्टच्या शेवटी शाळाशाळांची एक स्पर्धा होती. चौघींचं रेकॉर्डिंग पाठवायचं. नियम असा की आधी प्रत्येकीने आपलं नाव सांगायचं आणि आपला पहिला सूर वाजवायचा, मग सगळ्यांनी मिळून वाजवायचं. हरिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेकॉर्डिंगच्या शनिवारभोवती लाल गोल काढला होता. तिला त्यात असायचं होतं. मला तिच्या शेजारी असायचं होतं.

२

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हरिणीला कावीळ झाली.

त्या शनिवारी सरांनी तिची खुर्ची काढली नाही. तिची गिटार वर्गातच असायची, ती त्यांनी खुर्चीवर टेकवून ठेवली. "तिचा सूर मी वाजवला तर तुम्ही माझ्यावर रेलाल," ते म्हणाले. "तिघीच वाजवा. चौथ्याची जागा मोकळी सोडा. मोकळी जागासुद्धा ऐकता आली पाहिजे."

त्या दिवशी आईने डब्यात चार मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, दिले होते. चौघींना चार. हरिणी येणार नाही हे मी तिला सांगायला विसरले होते. मधल्या सुट्टीत त्रिपुराने एक घेतला, विशालाक्षीने एक, मी एक. चौथा उरला.

आता मी काय केलं ते नीट लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे घरात लग्न निघालं की त्याआधी सुवासिनींना जेवायला बोलावतात आणि पंगतीत एक पान जास्त मांडतात. घरातली जी बाई सुवासिनी असताना गेली, तिचं ते पान. त्यावर कोणी बसत नाही, पण सगळं वाढतात, पाणीसुद्धा. लहानपणापासून ते पान वाढायचं काम माझं, कारण मी बडबड करत नाही. त्यामुळे मांडलेली जागा रिकामी दिसली की माझा हात आपोआप पुढे होतो.

मी गठ्ठ्यातून एक चुकलेली पत्रिका काढली, चौथ्या खुर्चीच्या कडेला गिटारीपुढे ठेवली, तिच्यावर मुरुक्कू ठेवला आणि शेजारी पाण्याचा पेला. मनात हरिणीच होती. पण तोंडाने मी काही म्हटलं नाही. मी कधीच म्हणत नाही.

"अय्यो, खुर्चीला खाऊ घालते डी ही!" त्रिपुरा हसली; तिचं 'डी' म्हणजे आपलं 'ग'. "माणसांशी बोलायचं म्हटलं की म्यूट."

सर हसले नाहीत. त्या पत्रिकेकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सरी, बरं. वाजवा."

३

सर प्रत्येक वर्गाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतात. रविवारी सकाळी आई इडल्या लावत होती तेव्हा मी हेडफोन घालून ते ऐकलं.

पहिला कॉर्ड. सा, ग, प. आणि ध.

मी थांबवलं. पुन्हा लावलं. वरचा सूर हलका होता, पण होता. दुसऱ्या कॉर्डला तो नीवर गेला, तिसऱ्याला सावर. एकेक पाऊल, बरोबर आमच्यासोबत.

मी घाबरले नाही. मी कारणं शोधली. एक: एक तार वाजली की शेजारची तार आपोआप झणकते, हे सरांनीच शिकवलं आहे. हरिणीची गिटार आमच्या पुढ्यातच होती. दोन: तीन सूर ऐकले की सवय झालेला कान चौथा स्वतःच भरतो. तीन: त्रिपुरा. तिच्या फोनवर आवाज जोडायचं ॲप आहे आणि तिला दुसरं काम नाही. चार: सर. मोकळी जागा ऐका म्हणणारा माणूस घरी बसून ती भरू शकतो.

मी त्रिपुराला मेसेज केला: तू काही मिसळलंस का?

तिचं उत्तर आलं: काय? रसम?

दुसरं कारण मला सगळ्यात पटलं होतं, पण शेवटच्या कॉर्डने ते मोडलं. आठव्या कॉर्डला वरच्या सुराच्या वाट्याला तो आठवा येतो. तिथून आम्ही सगळ्या घरी परततो, पहिल्या कॉर्डवर. रेकॉर्डिंगमध्ये त्रिपुरा परतली, विशालाक्षी परतली, मी परतले. वरचा सूर परतला नाही. तो आठव्यावरच राहिला. आमचे तिघींचे हात तारांवरून उठल्यावरही, पंख्याच्या घरघरीत, तो एक श्वासभर तिथेच होता.

हरिणीने अशी चूक कधी केली नव्हती. माझा कान सवयीने भरत असता तर त्याने हरिणीसारखं भरलं असतं.

ग्रुपवर सरांनी खाली लिहिलं होतं: वरचा आवाज छान बसतो आहे.

४

पुढच्या शनिवारी मी दहा मिनिटं आधी पोचले. सर खाली दुकानात होते. खोलीत ऊन होतं आणि पंखा बंद. चौथ्या खुर्चीवर गिटार तशीच, पेला तसाच, पत्रिकेवर मुरुक्कू तसाच.

बंदरापासून एवढ्या जवळ उघडा ठेवलेला मुरुक्कू संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. मी बोटाने दाबून पाहिला. कडक होता. आणि सात दिवसांत एकही मुंगी नाही.

मी खिशातून रुमाल काढला आणि हरिणीच्या गिटारीच्या सगळ्या तारांखालून-वरून गुंडाळून घट्ट बांधला. आता ती झणकणार नव्हती. तेवढ्यात माझी नजर पहिल्या तारेवर गेली.

तिथल्या खाऱ्या हवेत न वाजवलेली पोलादी तार आठवड्यात गंजते. बाकीच्या पाचही तारा सारख्या तांबूस झाल्या होत्या. पहिली तारही तांबूस होती, पण सात ठिकाणी चकचकीत. मी खाली बसून गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, मोजले: दुसरा फ्रेट, तिसरा, पाचवा, सातवा, आठवा, दहावा, अकरावा. हरिणीचा ध मोकळ्या तारेवर वाजतो, त्याला बोट लागत नाही. त्यानंतरचे तिचे सात सूर याच सात फ्रेटवर आहेत. आणि अकराव्यावर, जिथे आठवा सूर असतो, तार आरशासारखी झाली होती.

"काय बघतेस?"

सर दारात उभे होते. जिन्यावर त्यांची पावलं मला ऐकू आली नव्हती. माझ्याशी ते मराठीत बोलतात, त्यांचं घरही तंजावरचंच.

मी तारेकडे बोट दाखवलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "कोणी वाजवली असेल," ते म्हणाले.

मी मुरुक्कूकडे बोट दाखवलं.

"ते तू ठेवलंस," सर म्हणाले. "मी कशास हात लावू? ज्याने वाढलं त्याने उचलावं. तुझ्या आईने सांगितलं नाही?"

मग ते पंखा लावायला वळले आणि मला वाटलं, यांना माहीत आहे. नाहीतर, यांना माहीत नाही आणि मी उगाच सगळ्यांवर संशय घेते आहे. दोन्ही एकाच वेळी वाटलं. त्या दिवशी सरांच्या फोनसोबत मी माझाही फोन चालू ठेवला, ओढणीखाली.

मेट्रोत बसून ऐकलं. रुमाल बांधलेला होता. त्रिपुराचा फोन तिच्या बॅगेत होता, मी पाहिला होता. सरांचे दोन्ही हात मांडीवर होते, तेही मी पाहिले होते. तरी चौथा सूर होता. या वेळी तो हलका नव्हता. आमच्या तिघींच्या बरोबरीचा होता, आणि शेवटी तो आठव्यावर जास्त वेळ राहिला.

५

हरिणीचा फोन बुधवारी आला. तिचा आवाज दमलेला होता. आई तिला रोज कीळानेल्लीचा, म्हणजे भुईआवळीचा, रस पाजत होती आणि बिनतेलाचं जेवण देत होती.

"सई, खरं सांग. माझ्या जागी कोणाला घेतलं?"

"कोणाला नाही."

"सुम्मा उगाच काही बोलू नकोस. मी ग्रुपवर ऐकलं. कोण आहे ती? माझ्यापेक्षा चांगली वाजवते, मला मान्य आहे. पण सरांनी निदान सांगायचं ना. मी शनिवारी येते म्हटलं तर म्हणाले, कशाला त्रास घेतेस, वरचा आवाज बसला आहे." तिने पाण्याचा घोट घेतला. "विशालाक्षीला फोन केला तर तिने दोनदा विचारलं, कोण हरिणी म्हणून. चेष्टा करत होती का ग ती?"

मी म्हटलं, हो, चेष्टाच.

"तू नाही ना विसरलीस मला?" ती हसत म्हणाली, पण उत्तर ऐकायला थांबली.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई कढीपत्ता निवडत होती. तिला ताप, भूत, अभ्यास यांतलं काही सांगितलं की ती आधी कपाळाला हात लावून बघते, म्हणून मी आडूनच विचारलं.

"आई, लग्नाआधी आपण जास्तीचं पान मांडतो ना. त्यावर दुसरंच कोणी आलं तर?"

"कसं येईल? नाव घेऊनच वाढतो की आपण. अमुक बाई, ये, बस, जेव." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तू पाहिलं नाहीस? तू वाढत असतेस, मी मागे उभी राहून नाव घेत असते."

ते मी कधी ऐकलं नव्हतं. वाढण्यात माझं लक्ष असायचं. मला वाटायचं, तेवढंच पुरतं.

"आणि नाव घ्यायचं राहिलं तर?"

"मग ते पान कुणाचंही. आम्हांत तसं करत नाहीत." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "कशास विचारतेस हे?"

"शाळेत प्रकल्प आहे. मग ते पान उचलतात कसं?"

"उचलायचं नसतं, संपवायचं असतं. ज्या मुलीने वाढलं तीच त्या जागी बसते, त्यातलं खाते. मग जागा पुन्हा आपली होते. मागच्या वेळी तूच नाही का बसलीस? पायसम सांडलंस फ्रॉकवर." ती हसली. "प्रकल्पात ते लिहू नकोस."

मी सगळं समजल्यासारखी मान हलवली. आता मला काय करायचं ते माहीत होतं. फार सोपं होतं ते, आणि त्यात बोलायचंही नव्हतं. म्हणूनच बहुतेक मला ते पटकन पटलं.

६

लाल गोलाच्या शनिवारी हरिणी आली. मीच तिला घरून घेऊन आले. जिन्यावर तीनदा थांबली. डोळ्यांत अजून पिवळेपणा होता, आणि केसांची वेणी बोटाएवढी झाली होती.

"हाय," ती दारातून म्हणाली.

त्रिपुरा गिटार जुळवत होती. तिने मान वर केली नाही. विशालाक्षी फोन बघत होती. मी स्वतःशी म्हटलं, ट्यूनरकडे लक्ष असलं की ऐकू येत नाही. पण त्या दोघींनी माझ्याकडे पाहून लगेच "सई, ये ना" म्हटलं, आणि मी तर काही बोललेही नव्हते.

हरिणी चौथ्या खुर्चीपर्यंत गेली आणि थांबली. पुढे होईना. एखाद्याच्या पायांवर पाय पडू नये म्हणून आपण आगगाडीत कसे उभे राहतो, तशी उभी राहिली.

"सई," ती हळूच म्हणाली, "मी कुठे बसू?"

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. माझी गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि बोटाने दाखवलं, तू प वाजव. तिला चौघींचे सूर पाठ आहेत. मग मी चौथ्या खुर्चीवरची गिटार उचलली, रुमाल सोडला, पेल्यातलं पाणी प्यायले आणि बसले.

खुर्ची गरम होती. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला होता, ऊन कुठेच नव्हतं. मी मुरुक्कू तोंडात घातला. दोन आठवड्यांचा मुरुक्कू आत्ताच कढईतून काढल्यासारखा कुरकुरला. शेवटचा कण गिळेपर्यंत सर माझ्याकडे बघत होते.

"बरं केलंस," ते म्हणाले. आणि मग, जणू आत्ताच दिसली अशा आवाजात, "अरे, हरिणी! कधी आलीस?"

"अय्यो, हरिणी!" त्रिपुरा ओरडली. "किती वाळलीस डी, कॅपोच्या चिमट्यासारखी दिसतेस!" विशालाक्षीने उठून तिला मिठी मारली. मला रडू येईल असं वाटलं. झालं होतं. इतकं सोपं होतं.

सरांनी फोन तिपाईवर लावला. "नाव आणि पहिला सूर. मग चार मोजून सुरू."

"त्रिपुरसुंदरी." सा.

"विशालाक्षी." ग.

"हरिणी." प.

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं. नाव नेहमीसारखं बाहेर पडलं नाही. खाली हातगाडीवाला कोणावर तरी ओरडत होता, तेवढाच आवाज. मी सरांकडे पाहिलं. ते नेहमी अशा वेळी माझं नाव स्वतः सांगतात. पण सरांनी समाधानाने मान हलवली आणि हाताने खूण केली: सूर. मी ध वाजवला. वाटलं, नाव ते नंतर जोडतील.

आम्ही वाजवायला लागलो. पहिला कॉर्ड, घरातला. दुसरा, दारातला. हरिणीला तिथे आठवा आला आणि तिने तो हलकेच ओलांडला. माझं बोट दुसऱ्या फ्रेटवर, तिसऱ्यावर, पाचव्यावर गेलं. तार हाताला फार मऊ लागत होती. मला वाटलं, नवी जागा, दुसरीची गिटार, असं होणारच. सातव्या फ्रेटला मला जाणवलं की मी दाबायच्या आधीच तार खाली गेलेली असते. मी फक्त बोट टेकवते आहे. आठव्या फ्रेटला मी मुद्दाम थोडा उशीर केला. सूर वेळेवर वाजला.

मग आठवा कॉर्ड. अकरावा फ्रेट. चौघींचे सूर एकत्र वाजले, आणि पुढे घरी परतायचं होतं. ध म्हणजे मोकळी तार; बोट उचलायचं, बस.

मी बोट उचललं.

तार खालीच राहिली. अकराव्या फ्रेटपाशी, तिच्या चकचकीत जागी, ती लाकडापर्यंत दबलेली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. पॉलिश केलेल्या लाकडात माझ्या बोटाचं प्रतिबिंब दिसत होतं. माझं बोट हवेत होतं. प्रतिबिंबातलं बोट अजून खाली होतं.

मग तार सुटली आणि ध वाजला, अगदी वेळेवर.

"शाबास," सर म्हणाले. "एका फटक्यात."

७

रेकॉर्डिंग रविवारी आलं. मी ते लगेच ऐकलं नाही. आधी हरिणीचा मेसेज आला, लाल हृदयांची रांग, मग त्रिपुराचा: सई!!! काय डी!!! मग सरांचा: शेवटी आवाज फुटला. मला आनंद झाला.

मी कशाबद्दल ते विचारलं नाही. हेडफोन घातले.

त्रिपुरसुंदरी. सा. विशालाक्षी. ग. हरिणी. प. मग खालचा हातगाडीवाला ओरडला. आणि त्याच्यावरून, फोनच्या अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं, "सईबाई."

आवाज गोड होता. माझ्याच वयाचा. घाई नाही, अडखळणं नाही. प्रत्येक अक्षर असं स्वच्छ की कोणालाही "काय?" म्हणावं लागू नये. नाव आवडल्यासारखं, खूप दिवसांनी मिळाल्यासारखं ते म्हटलेलं होतं.

आईने माझ्या कानातला एक हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "किती छान बोललीस ग," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "पुन्हा लाव. तुझ्या बाबांना ओरगडमला पाठवते."

मी तिला सांगणार होते. पण सांगायचं म्हणजे बोलायचं होतं, आणि ती पुन्हा पुन्हा तेच ऐकत होती.

कारणं मी अजून शोधते. सरांनी कोणाकडून तरी म्हणवून घेतलं असेल. किंवा मीच म्हटलं असेन आणि घाबरून विसरले असेन. म्हणून हे वहीत, तारखेसह, लिहून ठेवते आहे. अक्षर माझंच आहे. दर पानानंतर मी मागचं पान काढून ताडून बघते.

सोमवारी हरिणी शाळेत आली. आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो, ती भिंतीकडे, मी कडेला. मिसनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझं नाव आलं. मी हरिणीकडे पाहिलं, कारण ओरडायचं काम तिचं. ती वहीत काहीतरी काढत होती. तिने मान वर केली नाही. मी हात वर केला, पण मिसनी तोपर्यंत खूण केली होती आणि त्या पुढच्या नावावर गेल्या होत्या.

मी हात खाली घेतला. हरिणी माझ्याकडे झुकली.

"बरं झालं," ती कुजबुजली. "आता तू स्वतःच बोलतेस."

मी तोंड उघडलं नव्हतं.